स्कॉटिश ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांतले नेहमीचे साचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीसेक वर्षं मी या कादंबऱ्या वाचते आहे. पहिली मिळाली ती पुण्यात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत. मुखपृष्ठावर किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घातलेला माणूस, मागे धुक्यातली गढी. तेव्हापासून मैत्रिणी, वाचनालयात भेटणाऱ्या बायका आणि हल्ली त्यांच्या मुलीही मला साधारण तेच प्रश्न विचारत आल्या आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

'साचा' म्हणजे नेमकं काय? गोष्टी सारख्याच असतील तर वाचायच्या कशाला?

इंग्रजीत ज्याला ट्रोप म्हणतात तो हा साचा: पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग, नातं किंवा पात्राची ठेवण. स्कॉटिश प्रणयकथांत असे साचे मोजकेच आहेत, आणि एकदा ओळख झाली की पहिल्या दहा पानांत दिसतात. अबोल, रागीट लेअर्ड, म्हणजे जमिनीचा मालक, आणि त्याच्या गढीत नाइलाजाने आलेली इंग्रज मुलगी. दोन घराण्यांचं वैर मिटवायला ठरवलेलं लग्न. पळवून आणलेली नवरी. जखमी योद्धा आणि त्याच्या जखमा धुणारी, झाडपाला जाणणारी बाई. वर्षभराच्या बोलीवर बांधलेली लग्नगाठ. दगडांच्या वर्तुळातून मागच्या शतकात जाऊन पडलेली आजची स्त्री. आणि या सगळ्यांवर १७४६ च्या कलोडनच्या लढाईची सावली.

कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान ठाऊक असतंच. बुवा आज ते कसं लावतात, कुठे थांबतात, यासाठी तो बसलेला असतो. साच्यातल्या कथेचंही तसंच आहे. पण मला या कथा धरून ठेवतात त्या आणखी एका कारणाने. जवळजवळ प्रत्येक साच्याच्या तळाशी काहीतरी खरं घडलेलं आहे, आणि ते बहुतेक वेळा कादंबरीपेक्षा जास्त चटका लावणारं आहे.

हे सगळं 'आउटलँडर'पासून सुरू झालं ना?

नाही. डायना गॅबाल्डन यांची ती कादंबरी १९९१ साली आली आणि तिने या प्रकाराला नवे वाचक मिळवून दिले, हे खरं. पण मूळ त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं आहे. १८१४ साली वॉल्टर स्कॉटने स्वतःचं नाव न घालता 'वेव्हर्ली' छापली. एक तरुण इंग्रज अधिकारी हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर आणि पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात, येतो. तिथल्या माणसांनी भारावतो आणि १७४५ च्या बंडात ओढला जातो. बाहेरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी हायलँड्स दाखवायचे, ही युक्ती तिथे पक्की झाली. आजच्या प्रणयकथांनी एकच मोठा बदल केला: तो बाहेरचा माणूस बाई झाली. या एका बदलाने सगळ्या कथेचा तोल पालटतो, कारण पुरुष पाहुणा कधीही निघून जाऊ शकत होता. बाईला तिथे राहावं लागतं, चूल पाहावी लागते, सासरची भाषा शिकावी लागते.

स्कॉट आपल्याला परका नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ती १८७१ ची. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल बोलताना समीक्षक स्कॉटचं नाव घेत आले आहेत.

बहुतेक गोष्टी १७४५ च्या आसपासच का घडतात?

कारण तिथे एक जग संपलं, आणि ते कोणत्या दिवशी संपलं हेही सांगता येतं.

जुलै १७४५ मध्ये चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट मूठभर माणसांनिशी एरिस्के बेटावर उतरला. आजोबांचं गेलेलं राज्य वडिलांना परत मिळवून द्यायचं, हा त्याचा मनसुबा. त्याच्या पक्षाचे ते जॅकोबाइट. १९ ऑगस्टला ग्लेनफिनन इथे त्याने निशाण उभारलं, सप्टेंबरात प्रेस्टनपॅन्सची लढाई जिंकली आणि डिसेंबरात तो इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत पोचला. तिथून माघार सुरू झाली.

१६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर जे सैन्य उभं राहिलं ते उपाशी होतं. आदल्या दिवशी माणशी एक बिस्कीट मिळालं होतं. त्याच दिवशी शत्रूचा सेनापती ड्यूक ऑफ कंबरलँडचा वाढदिवस होता. त्याची माणसं पिऊन पडली असतील म्हणून रात्रीतून नेर्नच्या छावणीवर छापा घालायचं ठरलं. अंधारात, दलदलीतून वाट काढताना उजाडायची वेळ झाली आणि सगळे तसेच परत फिरले. कोणी झाडाखाली झोपले, कोणी अन्न शोधायला गावात गेले. अशा अवस्थेत, तोंडावर गारांचा मारा घेत ते तोफांसमोर उभे राहिले. लढाई तासभरही चालली नाही. जॅकोबाइटांचे सुमारे दीड हजार पडले, सरकारी बाजूचे पन्नासेक.

लेखिकांना हा काळ का हवासा वाटतो ते यात आहे. कथेतल्या माणसांना तारीख माहीत नसते, आपल्याला असते. १७४४ सालच्या लग्नात बॅगपाइप वाजत असतात, आणि नवरदेवाला आणखी दोनच वर्षं आहेत हे वाचणारीला ठाऊक असतं. पानिपतावरचं काहीही वाचताना संक्रांत जवळ आली की आपला जीव जसा वरखाली होतो, तसंच हे.

इंग्रज विरुद्ध स्कॉट अशीच ती लढाई होती का?

कादंबऱ्यांत लाल डगला म्हणजे इंग्रज आणि इंग्रज म्हणजे खलनायक. प्रत्यक्षात कलोडनला सरकारी बाजूने किमान तीन स्कॉटिश पलटणी आणि अर्गाइलची मिलिशिया लढली, तर जॅकोबाइटांच्या रांगेत फ्रान्सच्या चाकरीतले आयरिश सैनिक होते. एकाच घरातले भाऊ दोन्हीकडे होते. हे ज्या लेखिकेला माहीत आहे तिच्या कथेत खलनायकाला चेहरा मिळतो.

नायक नेहमी लेअर्डच का? लेअर्ड म्हणजे सरदार ना?

लेअर्ड म्हणजे जमिनीचा मालक. तो लॉर्ड असेलच असं नाही. पुष्कळदा त्याला त्याच्या जमिनीच्याच नावाने हाक मारत: कॅमेरॉन घराण्याचा प्रमुख 'लोकील' म्हणूनच ओळखला जाई. क्लॅनचा, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या घराण्याचा, प्रमुख ही आणखी निराळी गोष्ट. गेलिक भाषेत 'क्लान' म्हणजे मुलंबाळं, म्हणून प्रमुख हा सगळ्यांचा बाप अशी भावना. पण त्याच्या आसऱ्याला आलेली कुळंसुद्धा त्याचं आडनाव लावत, त्यामुळे प्रत्येक मॅकडोनल्ड रक्ताचा नातेवाईक नसे.

नायक लेअर्ड असला की कथेला सोपं जातं. त्याच्याकडे गढी असते, शंभर माणसांची जबाबदारी असते, आणि स्वतःच्या मनाने लग्न करायची मोकळीक नसते. साच्यात एक गोष्ट मात्र अगदी अस्सल उतरली आहे, ती दूधभावाची. प्रमुखाचा मुलगा लहानपणी दुसऱ्या घरी वाढवायला देण्याची चाल खरोखर होती, आणि त्या घरातल्या मुलाशी जडलेलं नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट मानलं जाई. नायकाच्या मागे सावलीसारखा उभा राहणारा तो मित्र इथून आला.

मुखपृष्ठावरचा तो किल्ट खरा का? प्रत्येक क्लॅनचा वेगळा टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड, होतं का?

सतराव्या शतकातल्या नायकाच्या अंगावर आज दिसतो तसा शिवलेल्या चुण्यांचा आखूड किल्ट असेल तर ते चूक आहे. तेव्हा होता तो मोठा प्लेड: चार-पाच मीटर लांबीचं, न शिवलेलं लोकरी कापड. नेसण्याची रीत अशी सांगतात की पट्टा जमिनीवर पसरायचा, त्यावर कापड आंथरून हाताने चुण्या घालायच्या, मग वर आडवं होऊन दोन्ही कडा पोटावर घ्यायच्या आणि पट्टा आवळायचा. उठून उभं राहिल्यावर वरचा भाग खांद्यावर टाकायचा. पाऊस आला की तोच डोक्यावर, रात्री तेच पांघरूण. नऊवारी नेसणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही: न शिवलेलं कापड, निऱ्या, आणि नेसणाऱ्याच्या हाताची सवय. आखूड किल्ट अठराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात रुळला.

क्लॅनवार टार्टन तर त्याहून नंतरचे. आधी रंग ठरत ते त्या भागातल्या विणकरावर आणि मिळणाऱ्या रंगद्रव्यांवर. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्या सोहळ्याची मांडणी वॉल्टर स्कॉटनेच केली, आणि प्रत्येक घराण्याला 'आपला' टार्टन हवासा झाला. १८४२ साली तर जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली टार्टनांचं एक आख्खं बनावट पुस्तक निघालं. तेव्हा १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईत नायिका समोरच्याचा टार्टन पाहून त्याचा क्लॅन ओळखत असेल तर लेखिकेने अभ्यास केलेला नाही, असं खुशाल समजावं.

मधल्या काळाची गोष्ट कादंबऱ्यांत कमी येते आणि मला ती फार लागते. कलोडननंतर हा पोशाखच कायद्याने बंद झाला. १ ऑगस्ट १७४७ पासून हायलँडमधल्या पुरुषांना प्लेड किंवा किल्ट वापरायला मनाई. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार. सवलत फक्त सरकारी फौजेतल्या सैनिकांना.

वर्षभराच्या बोलीचं लग्न, म्हणजे 'हँडफास्टिंग', खरंच होतं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कादंबरीत दोघांच्या मनगटांना फडकं बांधतात, 'एक वर्ष आणि एक दिवस' एकत्र राहायचं, पटलं तर कायमचं, नाहीतर आपापल्या वाटेने. कथेला हे वरदानच आहे, कारण घड्याळ लावून ठेवल्यासारखी मुदत मिळते.

कागदपत्रांत हँडफास्टिंग सापडतं ते साखरपुड्याच्या अर्थाने: हातात हात देऊन लग्नाचं वचन. वर्षभराच्या प्रायोगिक लग्नाची कहाणी प्रवासवर्णनांतून पसरली आणि १८२० च्या एका कादंबरीतून स्कॉटनेच ती घरोघरी पोचवली. तिला अजिबात आधार नाही असंही नाही. १६०९ मध्ये बेटांवरच्या प्रमुखांकडून आयोना इथे जे करार करून घेतले, त्यांत ठरावीक वर्षांपुरत्या लग्नांना बंदी घातलेली आहे. कुठेतरी काहीतरी सैल रीत असणार, म्हणून तर बंदी. पण कादंबरीतला तो आखीव विधी नंतरचा.

खरी गंमत स्कॉटिश कायद्यात आहे. तिथे पाद्री नको, चर्च नको, आईवडिलांची संमती नको. दोघांनी आत्ता या क्षणी आपण नवराबायको आहोत असं एकमेकांना मनापासून म्हटलं की लग्न झालं. लग्नाचं वचन देऊन त्या भरवशावर शरीरसंबंध आला, तरी लग्न झालं. साक्षीदार लागत ते पुढे सिद्ध करण्यासाठी. हे दोन्ही प्रकार १९४० पर्यंत कायदेशीर होते! आणि नवराबायको म्हणून वर्षानुवर्षं नांदल्यामुळे सिद्ध होणारं लग्न तर २००६ पर्यंत. ज्या देशात रागाच्या भरात उच्चारलेलं एक वाक्य जन्माची गाठ ठरू शकतं, तिथल्या लेखिकेला खोट्या विधीची गरज नाही.

सगळे पळून ग्रेटना ग्रीनलाच का जातात?

वर सांगितलेल्या कायद्यामुळेच. इंग्लंडमध्ये मार्च १७५४ पासून एकवीस वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लग्न करता येईना. सरहद्द ओलांडली की मुलगी बारा आणि मुलगा चौदा वर्षांचा असला तरी चालत होतं. ग्रेटना हे हद्दीपलीकडचं अगदी पहिलं गाव, म्हणून घोडागाड्या तिथे थांबत आणि लोहाराच्या ऐरणीपुढे लग्नं लागत. १८५६ मध्ये एकवीस दिवस वस्तीची अट आली. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कथेत रातोरात लग्न लागत असेल तर ते चुकलं.

नवरी पळवून आणण्याचा साचा मला खटकतो. खरं असं घडत असे का?

घडत असे, आणि त्यात प्रेम नसे. मलाही तो खटकतो, आणि खऱ्या घटना समजल्यावर तर जास्तच.

१४९९ मध्ये कॉडरची वारस म्यूरिअल ही लहानगी मुलगी कॅम्बेलांनी पळवून नेली. पुढे तिचं लग्न त्यांच्याच घरात लावलं आणि तिच्याबरोबर कॉडरची जहागीर गेली. मूल बदललं जाऊ नये, ओळख पटावी म्हणून दाईने तिच्या करंगळीचं टोक चावून तोडलं, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, त्या मुलीकडे लोक कशा नजरेने पाहत होते ते या दंतकथेत दिसतं.

१६९७ मध्ये सायमन फ्रेझरने आधीच्या लॉर्ड लोव्हॅटच्या विधवेशी बळजबरीने लग्न लावलं. तिचा आक्रोश ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर पाइप वाजवत ठेवले होते, असं सांगतात. हाच माणूस पुढे लॉर्ड लोव्हॅट झाला आणि १७४७ मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला, ब्रिटनमधला शेवटचा. आणि डिसेंबर १७५० मध्ये प्रसिद्ध रॉब रॉयचा मुलगा रॉबिन ओग याने जीन की नावाच्या तरुण, नुकत्याच विधवा झालेल्या मुलीला तिच्या घरातून उचलून नेलं. कारण होतं तिची मालमत्ता. ती पुढच्याच वर्षी वारली. त्याला १७५४ मध्ये फाशी झाली.

तिन्ही प्रसंगांत मुळाशी जमीन आणि पैसा आहे. म्हणून कादंबरीत पळवून नेणारा नायक तिच्या डोळ्यांत पाहताच विरघळतो तेव्हा माझं मन बसत नाही. ज्या थोड्या लेखिका नवरीला परतीचा रस्ता खरोखर मोकळा ठेवतात आणि मग ती काय ठरवते ते दाखवतात, त्यांच्या कथा मला पटतात.

कॅम्बेल नेहमी खलनायक का?

ग्लेनको. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे ग्लेनलायनच्या रॉबर्ट कॅम्बेलच्या हाताखालच्या सैनिकांनी मॅकडोनल्डांच्या सुमारे ३८ जणांना मारलं. सैनिक जवळजवळ दोन आठवडे त्याच घरांत पाहुणे म्हणून राहिले होते, जेवले होते, पत्ते खेळले होते. निसटलेल्यांपैकी कित्येक बर्फात गारठून मेले. हुकूम सरकारचा होता. पण लोकांच्या मनात राहिलं ते कॅम्बेल हे नाव आणि खाल्ल्या मिठाला न जागणं.

कादंबरीत शत्रूच्या घरी मुलगी देऊन वैर मिटवतात. ग्लेनकोमध्ये ती आधीच दिलेली होती: रॉबर्ट कॅम्बेलची पुतणी मॅकडोनल्ड प्रमुखाच्या धाकट्या मुलाची बायको होती. त्या एका सुनेवर कोणीतरी कादंबरी लिहावी असं मला फार वाटतं.

जाता जाता: क्लॅनांची आपसांतली शेवटची मोठी लढाई १६८८ ची मानतात. १७४० च्या कथेत दर आठवड्याला शेजारी क्लॅनवर हल्ला होत असेल तर तो काळ पन्नासेक वर्षांनी चुकला आहे. गुरं पळवणं मात्र चालू होतं.

औषधी जाणणारी नायिका आणि तिच्यावर चेटकाचा आरोप?

स्कॉटलंडमध्ये चेटकाविरुद्धचा कायदा १५६३ ते १७३६ असा होता. त्या काळात सुमारे ३,८०० लोकांवर आरोप झाले, त्यांत बहुसंख्य बायका. शेवटची बळी जॅनेट हॉर्न नावाची म्हातारी, डॉर्नॉक गावची. तिच्या मृत्यूचं साल सहसा १७२७ देतात. मुलीला घोडी बनवून सैतानाकडून नाल ठोकून घेतली, हा तिच्यावरचा आरोप.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १७३६ नंतर कोर्टात चेटकीण म्हणून कोणाला जाळता येत नव्हतं. आणि सर्वाधिक खटले झाले ते लोथियन, फाइफ अशा लोलँड, म्हणजे दक्षिण आणि पूर्वेकडच्या सखल, भागांत. गेलिक बोलणाऱ्या डोंगराळ मुलखात ते तुलनेने कमी होते.

ते 'लॅस' (मुलगी), 'बॉनी' (देखणी), 'डिना केन' (माहीत नाही) हे सगळं मराठीत कसं आणायचं?

अनुवाद करणाऱ्या दोघीतिघींनी हे विचारलं, आणि इथे मूळ कादंबऱ्याच घोळ घालतात. हे शब्द स्कॉट्स भाषेतले, म्हणजे लोलँड्सच्या. अठराव्या शतकातल्या हायलँडरची मातृभाषा गेलिक. ती अगदी निराळी, आयरिशच्या घरातली. शाळेत इंग्रजी शिकलेला हायलँडर पुष्कळदा पुस्तकी, जपून इंग्रजी बोले. नायिकेला तो मनातलं सांगेल ते गेलिकमध्ये: 'मो ख्री', माझं काळीज. इंग्रज माणसासाठी शब्द 'सासनाख', मूळ अर्थ सॅक्सन.

म्हणून माझं मत: हायलँडरच्या तोंडी मालवणी किंवा वऱ्हाडी घालू नये. त्या बोलींना आपला मुलूख आहे, आपली माणसं आहेत. वाचणारीच्या डोळ्यांपुढे लगेच कोकण उभं राहतं. साधी, थोडी जुन्या वळणाची मराठी ठेवावी आणि गेलिकचे चार-पाच शब्द उच्चारासह तसेच राहू द्यावेत. आणि एक बारकावा: स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतरही माहेरचं आडनाव वापरत असे. अनुवादात तिला घाईने नवऱ्याचं नाव लावू नका.

इतक्या धीट बायका खरंच होत्या, की ही आजची भर आहे?

होत्या. इथे कादंबऱ्याच कमी पडतात.

ॲन मॅकिंटॉश विशीत होती. नवरा अँगस हा मॅकिंटॉशांचा प्रमुख आणि सरकारी फौजेत अधिकारी. तो तिकडे असताना हिने त्याच्याच क्लॅनमधली माणसं गोळा करून स्टुअर्ट राजपुत्राकडे पाठवली. पुढे नवरा जॅकोबाइटांच्या कैदेत सापडला आणि त्याला तिच्याच ताब्यात दिलं. दोघं भेटली तेव्हा ती त्याला 'कॅप्टन' आणि तो तिला 'कर्नल' म्हणाला, असं सांगतात. शत्रू असलेले नवराबायको हा साचा याहून चांगला कोण रचणार?

फ्लोरा मॅकडोनल्ड सगळ्यांना माहीत आहे. कलोडननंतर तिने राजपुत्राला बेटी बर्क नावाची आयरिश दासी बनवून होडीतून स्काय बेटावर नेलं.

पण माझी सर्वांत आवडती बाई जॅकोबाइटांच्या त्याआधीच्या, १७१५ च्या बंडातली. विनिफ्रेड मॅक्सवेल, नित्सडेलची काउंटेस. नवऱ्याला लंडनच्या टॉवरमध्ये मृत्युदंड झालेला. घराण्याची कागदपत्रं बागेत पुरून ती थंडीत दक्षिणेला निघाली. बर्फाने घोडागाड्या अडल्या तेव्हा घोड्यावर बसून पुढे गेली. २३ फेब्रुवारी १७१६, शिक्षेच्या आदल्या संध्याकाळी, ती दोन ओळखीच्या बायकांना घेऊन कोठडीत गेली. एकीच्या अंगावर जास्तीचे कपडे. बायका एकेक करून आत-बाहेर करत राहिल्या, पहारेकऱ्यांचा मोजण्यात गोंधळ उडाला. तिने नवऱ्याच्या भुवया रंगवल्या, दाढीचे खुंट दिसू नयेत म्हणून चेहऱ्याला पांढरा रंग आणि लाली लावली, लुगडंबिगडं नेसवावं तसं त्याला बायकी कपड्यांत गुंडाळून दारापर्यंत सोडलं. मग एकटीच कोठडीत परत आली आणि येरझारा घालत बोलत राहिली: एकदा स्वतःच्या आवाजात, एकदा त्याच्या. तो लांब पोचला असेल अशी खात्री झाल्यावर दाराची दोरी आतून अडकवून बाहेर पडली. हे सगळं तिने स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे. नंतर ती पुन्हा स्कॉटलंडला गेली, ती पुरलेली कागदपत्रं काढायला. दोघांचं उरलेलं आयुष्य रोममध्ये, ओढगस्तीत, पण एकत्र गेलं.

मुखपृष्ठावरची ती पाण्यातली गढी कोणती?

बहुतेक वेळा आयलीन डोनन. १७१९ च्या बंडात युद्धनौकांनी ती उद्ध्वस्त केली होती; आज दिसते ती १९१२ ते १९३२ च्या दरम्यान पुन्हा बांधलेली. म्हणजे १७४५ च्या नायकाला तिथे फक्त पडके दगड दिसले असते.

काळप्रवास तरी नक्कीच आजची कल्पना?

दगडांची वर्तुळं खूप जुनी. लुईस बेटावरचं कॅलनिश सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. आणि काळ हरवण्याची कल्पनाही जुनीच. इन्व्हर्नेसजवळच्या टॉमनाह्युरिक टेकडीची गोष्ट सांगतात: दोन फिडलवाले परीलोकाच्या बोलावण्यावरून टेकडीच्या पोटात गेले, एक रात्र वाजवून बाहेर आले, तर शंभराहून जास्त वर्षं उलटली होती. आजच्या लेखिकांनी टेकडीच्या जागी दगड ठेवले, एवढंच.

या कथांत काय दिसत नाही?

काम. नायिका घोड्यावर बसते, जखमा बांधते, पण लोकर कुटताना क्वचित दिसते. विणून आलेलं कापड दाट व्हावं म्हणून ते साठवलेल्या शिळ्या मूत्रात भिजवत आणि आठ-दहा बायका लांब फळीभोवती बसून तालात आपटत. ताल सुटू नये म्हणून गाणी. एक ओळ एकीने म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांसारखी त्यांतही प्रेमं, रुसवे, बुडालेल्या होड्या, सगळं आहे. नायकाच्या खांद्यावर रुबाबात पडलेला तो प्लेड या फळीवरून आला.

आणि दिसत नाहीत ती विस्थापित माणसं. कलोडननंतर प्रमुखांचे न्यायाचे वंशपरंपरागत अधिकार गेले, 'सगळ्यांचा बाप' हळूहळू नुसता जमीनमालक झाला, आणि त्याला माणसांपेक्षा मेंढ्यांत जास्त पैसा दिसू लागला. १८१४ साली सदरलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात लोकांना घरांतून काढून घरांची छपरं पेटवली. त्याबद्दल पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला चालला. तो निर्दोष सुटला. लेअर्ड नायक असलेल्या कथेला हा काळ पेलणं अवघड आहे, हे मला समजतं.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध येतो का?

येतो, आणि रक्ताने येतो. कलोडननंतरच्या दोन पिढ्यांत हायलँडर मोठ्या संख्येने ब्रिटिश फौजेत गेले. ७८ वी पलटण १७९३ मध्ये मॅकेंझी घराण्याच्या प्रमुखानेच उभारली. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेसमोर ब्रिटिश सेनापती वेलस्लीकडून ही ७८ वी आणि ७४ वी हायलँड पलटण लढली. ७४ वी वाट चुकून असई गावातल्या तोफांच्या तोंडी गेली आणि जवळजवळ संपली. ज्या माणसांच्या आज्यांनी कलोडनचे मुडदे पाहिले असतील, ती केळणा नदीच्या काठी मराठ्यांच्या तोफांपुढे पडली. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटच, बान्फचा. या प्रकारातल्या नायकाला 'हिंदुस्थानातून पैसा कमावून परतलेला' एवढंच म्हणून सोडतात. तो पैसा कुठून आला, ते आपण सांगू शकतो.

कलोडननंतर गोड शेवट कसा करतात?

प्रणयकथेने शेवट गोड करण्याचं वचन दिलेलं असतं, त्यामुळे हा खरा पेच आहे. कोणी जोडप्याला अमेरिकेला पाठवतं. कित्येक हायलँडर गेलेही, फ्लोरा मॅकडोनल्डसुद्धा १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला गेली आणि युद्धात होरपळून परत आली. कोणी नायकाला गुहेत लपवतं, कोणी खोट्या नावाने फ्रान्सला नेतं.

मला आवडतो तो थांबणारा शेवट. पोशाखबंदी १७८२ मध्ये उठली. १७४६ ला वीस वर्षांची असलेली नायिका तेव्हा छप्पन्न वर्षांची असते. छत्तीस वर्षं पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं ते कापड ती बाहेर काढते, कसर कुठे लागली आहे ते उजेडात धरून पाहते, आणि अंगणात नातवाला समोर उभं करून चुण्या कशा घालायच्या ते पहिल्यांदा शिकवते. हात अजून विसरलेले नसतात.